कूलिंग वॉटर पंपाचं प्रायमिंग: बटण दाबण्याआधी काय काय पाहायचं

साप्ताहिक सुट्टीनंतरची पहिली पाळी. पॅनलवर हिरवा दिवा आहे, मोटर फिरतेय, आवाजही येतोय, पण डिलिव्हरी गेजचा काटा शून्यावरून हलायला तयार नाही. थोड्या वेळात चिलर फ्लो स्विचवर ट्रिप होतो आणि मोल्डिंग शॉपमधून फोन सुरू होतात. मग कुणीतरी नरसाळ्यात दोन बादल्या ओततो, पुन्हा बटण दाबतो, पुन्हा तेच. असं चार वेळा झालं की मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी पाणी अडवणारा भाग) गेलेलं असतं.

हा लेख अशा पंपहाउसमध्ये नव्याने रुजू झालेल्या ऑपरेटर, फिटर आणि ट्रेनी मंडळींसाठी आहे. उदाहरण म्हणून एकच पंप धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. ६० टीआरच्या (टन रेफ्रिजरेशन, म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) वॉटर-कूल्ड चिलरचा कंडेन्सर वॉटर पंप; तासाला ४० घनमीटर पाणी, २५ मीटर हेड (पंपाचा दाब, पाण्याच्या उंचीत मोजलेला), ५.५ किलोवॅटची म्हणजे साडेसात एचपीची मोटर. सक्शन लाइन १०० मिमी, लांबी ६ मीटर. पाणी जमिनीखालच्या टाकीतून, पंपाच्या मध्यरेषेपासून २.५ मीटर खालून उचलायचं. तुमचे आकडे वेगळे असतील. हिशेबाची रीत हीच.

## हवेपुढे पंप हतबल का होतो

सेंट्रिफ्युगल पंप जे काही आत असेल त्याला फिरवून बाहेर फेकतो. आत पाणी असेल तर आपला पंप २५ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब तयार करतो. आत हवा असेल तर तोच इम्पेलर (पंपातलं फिरणारं पाकळ्यांचं चाक) २५ मीटर उंचीच्या हवेच्या स्तंभाएवढा दाब तयार करतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पटींनी हलकी, त्यामुळे तो दाब पाण्याच्या भाषेत जेमतेम ३० मिमी भरतो. खालचं पाणी अडीच मीटरवर आहे. बोटभर ओढीने ते वर यायचं नाही, मोटर तासभर फिरवली तरी.

म्हणून पंप आणि सक्शन पाइप आधीच पाण्याने गच्च भरलेले हवेत. यालाच प्रायमिंग म्हणायचं. काम मात्र ओतण्यापेक्षा हवा बाहेर काढण्याचं आणि ती पुन्हा आत शिरू न देण्याचं जास्त आहे. बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

## आधी ओळखा: तुमचा पंप कोणत्या जातीचा

पहिला प्रकार, टाकी खाली आणि पंप वर. याला सक्शन लिफ्ट म्हणतात. सक्शन पाइपच्या खालच्या टोकाला, पाणी टाकीत परत जाऊ न देणारा फूट व्हॉल्व्ह असतो, सगळी कटकट इथेच असते आणि लेखाचा मोठा भाग याच प्रकारावर आहे.

दुसरा, कूलिंग टॉवरचं बेसिन पंपापेक्षा उंच. सक्शन व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपोआप पंपात येतं. यात ओतायचं काही नसतं, पण हवा काढायची असतेच.

तिसरा, बंद चक्र: चिल्ड वॉटरची लाइन, एक्स्पान्शन टँक, वरच्या मजल्यावरचे एएचयू (हवा थंड करणारी एअर हँडलिंग युनिट). इथे पंपापेक्षा लाइनमधली हवा त्रास देते.

अमोनिया किंवा इतर रेफ्रिजरंटचे पंप या लेखात धरलेले नाहीत. त्यांची पद्धत आणि धोके पूर्ण वेगळे आहेत. पाण्याच्या पंपाचा अनुभव घेऊन तिकडे हात घालू नका.

## हाताशी काय लागेल

- पंपाचं मॅन्युअल आणि परफॉर्मन्स कर्व्ह. नेमप्लेटचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये असू द्या.
- तुमच्या कारखान्याचं वर्क परमिट, कुलूप आणि ‘काम चालू आहे’ची पाटी.
- मागच्या पाळ्यांचं लॉगबुक.
- १५ लिटरची बादली, नरसाळं, स्वच्छ पाणी. शक्यतो मेकअप लाइनचंच (टाकीत कमी झालेलं पाणी भरून काढणारी लाइन) घ्या, गाळाचं नको.
- पाने, एअर कॉकला बसणारा स्पॅनर, टेफ्लॉन टेप, टॉर्च.
- क्लॅम्प मीटर.
- सक्शनला व्हॅक्यूम आणि दाब दोन्ही दाखवणारा कंपाउंड गेज, डिलिव्हरीला साधा प्रेशर गेज. सक्शनचा गेज बऱ्याच ठिकाणी नसतोच. स्वस्त वस्तू आहे, मागून घ्या. त्याच्याविना अर्धं निदान अंदाजाने करावं लागतं.
- रबरी हातमोजे आणि गॉगल. या पाण्यात बायोसाइड, स्केलविरोधी रसायन, कधी ॲसिडही असतं.
- उदबत्तीचा पुडा आणि शेव्हिंग क्रीम. हसू नका, पुढे लागणार आहे.

## १. वीज तोडा, सिलेक्टर ऑफवर आणा

पंप ऑटोवर असेल तर तुम्ही कपलिंग हाताने फिरवत असताना तो सुरू होऊ शकतो. सिलेक्टर ऑफ, आयसोलेटर खाली, कुलूप लावलेलं, किल्ली स्वतःच्या खिशात. टॉवरचा पंखाही बंद ठेवा. टॉवरच्या तुषारांतून लिजिओनेलाचे जंतू फुप्फुसात जाऊ शकतात; टॉवरजवळ काम असेल तर एन-९५ मास्क लावा.

## २. टाकीची पातळी पाहा, आणि ती किती उतरेल तेही

बंद अवस्थेत टाकी भरलेली दिसते. पंप सुरू झाला की आधी रिकामी डिलिव्हरी लाइन भरते, मग टॉवरचे नोझल आणि फिल (टॉवरमधलं पाणी पसरवणारं भरण) भिजतात, आणि त्यानंतरच पाणी परत येऊ लागतं. ८० मिमी पाइपात मीटरला ५ लिटर पाणी मावतं. चाळीस मीटर लाइन रिकामी असेल तर २०० लिटर तिथेच गेले. फिलवरचं पाणी वेगळं. लहान बेसिनची पातळी एवढ्याने वीतभर उतरते.

फूट व्हॉल्व्हच्या वर पाणी कमी उरलं की भोवरा धरतो आणि त्यातून हवा थेट सक्शनमध्ये जाते. सक्शनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास असेल तर फूट व्हॉल्व्ह सर्वांत कमी पातळीच्याही साधारण एक मीटर खाली हवा. तळापासून पाइपच्या व्यासाएवढं तरी अंतर ठेवा, नाहीतर गाळ ओढला जातो.

परतीचं पाणी उंचावरून धबाधबा फूट व्हॉल्व्हच्या डोक्यावर पडत असेल तर तेही वाईट. टाकीतलं पाणी दुधासारखं पांढुरकं दिसत असेल तर ते बुडबुडे आहेत, आणि पंप तेच पितोय. परतीचा पाइप पाण्याखाली बुडवा आणि सक्शनपासून लांब न्या.

## ३. सक्शन लाइन डोळ्यांनी चाला

फूट व्हॉल्व्हपासून पंपापर्यंत पाइप सतत चढता असायला हवा. दर मीटरला एक-दोन सेंटीमीटर चढ पुरेसा. मध्ये कुठे उंटासारखी पाठ आली असेल तर हवा तिथे दडून बसते आणि कितीही ओतलं तरी हलत नाही. पंपाच्या तोंडाशी रिड्यूसर असेल तर तो एका बाजूला सपाट असलेला हवा, आणि सपाट बाजू वर. दोन्हीकडून सारखा निमुळता लावला की वरच्या कोपऱ्यात हवेचा कप्पा तयार होतो. उलटा लावलेला रिड्यूसर तर सर्रास दिसतो.

फ्लँजचे बोल्ट, गेजचे सॉकेट, ड्रेन प्लग यांवरही नजर टाका. पाणी न गळणारा सांधा हवा आत घेऊ शकतो, हे पक्कं ध्यानात ठेवा.

## ४. व्हॉल्व्हची स्थिती लावा

डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद. सक्शनला व्हॉल्व्ह असेल तर पूर्ण उघडा. केसिंगवरचा एअर कॉक उघडा. हल्लीच्या बऱ्याच पंपांत डिलिव्हरीचं तोंड केसिंगच्या अगदी वर, मध्यावर असतं. तिथे हवा केसिंगमध्ये न थांबता डिलिव्हरीच्या नळीत, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (एनआरव्ही, पाणी उलटं येऊ न देणारा) पोटाशी साचते. अशा पंपाला एअर कॉक एनआरव्हीच्या खाली, त्या नळीवर हवा. नसेल तर पुढच्या शटडाउनला १५ मिमीचं सॉकेट वेल्ड करून घ्या.

इथला सापळा: दोन पंपांना एकच सक्शन हेडर असेल आणि एक पंप चालू असेल, तर बंद पंपाचा एअर कॉक उघडताच बाहेरची हवा हेडरमार्गे चालू पंपात ओढली जाते. तुम्ही एकाला पाणी धरवायला जाता आणि दुसरा सोडून देतो. बंद पंपाचा सक्शन व्हॉल्व्ह आधी लावा, किंवा दोन्ही पंप थांबवूनच काम करा. उचलून घेणाऱ्या पंपांना स्वतंत्र सक्शन लाइन असणं हेच खरं योग्य.

## ५. पाणी भरा, आणि बादल्या मोजा

हे जेवढं साधं दिसतं तेवढंच सांगणारं आहे. १०० मिमी पाइपात मीटरला ७.८५ लिटर पाणी बसतं. सहा मीटरला ४७ लिटर. केसिंगचे आठेक लिटर आणि डिलिव्हरीच्या नळीचे दोन-चार धरले की साठच्या आत-बाहेर. म्हणजे पूर्ण रिकामा पंप भरायला १५ लिटरच्या चार बादल्या. पाइप ८० मिमीचा असेल तर मीटरला ५ लिटर धरा, १५० मिमीचा असेल तर १७.७.

आता मोजत ओता.

चार बादल्यांत नरसाळं भरलं आणि पातळी टिकली, तर सगळं ठीक.

सात-आठ बादल्या गेल्या तरी नरसाळं भरत नसेल तर पाणी फूट व्हॉल्व्हमधून टाकीत परत चाललंय. आणखी ओतत राहण्यात अर्थ नाही.

रिकामा पंप दोनच बादल्यांत ‘भरला’, तर जास्त काळजी करा. आत कुठेतरी हवा कोंडली आहे आणि पाणी तिच्या वर अडून बसलंय. बादली भसकन उपडी केली की हेच होतं: अरुंद नळीतून पाणी खाली जाताना हवेला वर यायला वाटच उरत नाही. धार बारीक ठेवा, नरसाळं गुडगुडलं की थांबा, हवेला येऊ द्या, मग पुढे ओता. (पाइपात जुनं पाणी शिल्लक असेल तर कमी बादल्या लागणारच, म्हणून पाइप रिकामा होता की नाही ते आधी ठरवा.)

एअर कॉकमधून आधी फुसफुस होते, मग थुंकल्यासारखं पाणी येतं, शेवटी अखंड धार लागते. पहिली धार दिसली की लगेच कॉक लावू नका. कपलिंग हाताने, बाणाच्या दिशेने, आठ-दहा फेरे फिरवा. इम्पेलरच्या पाकळ्यांत अडकलेली हवा सुटते आणि धार पुन्हा तुटते. पुन्हा भरा, पुन्हा फिरवा. फिरवूनही धार न तुटता वाहिली की कॉक बंद. शाफ्ट हाताने फिरतच नसेल तर सुरू करण्याचा विचार सोडा. ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग दाबून ठेवणारा भाग) जास्त आवळलं आहे, बेअरिंग धरलंय किंवा इम्पेलर अडकलाय.

काही ठिकाणी एनआरव्हीला वळसा घालणारी १५ किंवा २० मिमीची बायपास लाइन असते. डिलिव्हरीत उभ्या असलेल्या पाण्यानेच पंप भरतो, बादली लागत नाही. सोय उत्तम, फक्त कॉक हळू उघडा आणि काम झालं की आठवणीने बंद करा. ती उघडी राहिली तर पंप चालू असताना पाणी गोल गोल फिरतं आणि चिलरला कमी मिळतं.

## ६. दहा मिनिटं थांबा

भरल्यावर नरसाळ्यातल्या पातळीवर पेनने खूण करा आणि दहा मिनिटं दुसरं काम करा. पातळी जागेवर असेल तर फूट व्हॉल्व्ह धरतोय. हळूहळू उतरत असेल तर पंप आत्ता सुरू होईल, पण रात्री वीज गेली की पहाटेपर्यंत रिकामा होईल.

गावाकडे ज्याला ‘फुटबॉल’ म्हणतात तोच हा फूट व्हॉल्व्ह. त्याची झडप एखाद्या काडीने, शेवाळाच्या दोरीने, प्लॅस्टिकच्या चिंधीने किंचित उघडी राहते, नाहीतर रबर कडक होऊन तडकतं. बायपास असेल तर दोन-तीनदा झटक्याने उघड-बंद करून पाहा. उलट्या दाबाने कधी कधी कचरा सुटतो. नाही सुटला तर पाइप वर काढून साफ करण्याला पर्याय नाही. जाळीच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ पाइपच्या तीन-चार पट असावं लागतं, त्यामुळे अर्धी बुजलेली जाळीही बदला.

शेतातल्या मोटरीला फुटबॉल गळत असेल तर शेणकाला ओतून झडपेची फट बुजवायची, ही युक्ती विहिरीवर चालते. इथे ती कुणी सुचवली तर हात धरा. ते शेण पुढच्या पाच मिनिटांत कंडेन्सरच्या ट्यूबमध्ये आणि टॉवरच्या नोझलमध्ये जाऊन बसतं, आणि जंतूंना खाद्य मिळतं ते वेगळंच.

## ७. फिरण्याची दिशा

आता कुलूप काढून वीज जोडा. मेन केबल, ट्रान्सफॉर्मर किंवा जनरेटरच्या चेंजओव्हरचं काम झालं असेल तर ही पायरी सोडू नका. पंप भरलेला असतानाच बटण क्षणभर दाबून सोडा आणि थांबता थांबता मोटरच्या मागच्या पंख्याकडे पाहा. कोरड्या पंपावर ही तपासणी करू नका. मेकॅनिकल सीलचे दोन चेहरे पाण्याच्या पातळ थरावर फिरतात, तो नसेल तर काही सेकंदांतच चरे पडू लागतात.

उलट्या फिरणाऱ्या सेंट्रिफ्युगल पंपातूनही थोडं पाणी येतं. दाब येतो, पण बराच कमी. त्यामुळे सगळे हवा शोधत बसतात आणि दोन फेज बदलण्याचं साधं काम राहून जातं. इम्पेलर आट्यांवर बसवलेला असेल तर उलट फिरल्याने तो सुटून केसिंगला घासू शकतो.

## ८. सुरू करा

डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद किंवा पाव उघडा. चिलर अजून बंदच. बटण दाबा आणि नजर गेजवर ठेवा.

पाच-दहा सेकंदांत काटा चढायला हवा. आपल्या पंपाला बंद व्हॉल्व्हवर पावणेतीन-तीन किलोच्या आसपास दाब दिसेल. (१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे १० मीटर पाणी.) पंधरा सेकंदांत काटा उठला नाही तर बंद करा. ‘धरेल, धरेल’ म्हणत उभे राहू नका. पायरी पाचवर परत जा.

दाब आला की व्हॉल्व्ह मिनिटभरात, हळूहळू उघडा आणि क्लॅम्प मीटर पाहत राहा. रिकाम्या लाइनवर व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पंपापुढे विरोधच नसतो. तो गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो, अँपिअर नेमप्लेटच्या वर जातात आणि ओव्हरलोड रिले पडतो. ५.५ किलोवॅटच्या मोटरचा पूर्ण भार ४१५ व्होल्टला साधारण साडेदहा-अकरा अँपिअर. तुमचा आकडा नेमप्लेटवरून घ्या. हा नियम सेंट्रिफ्युगल पंपाचा. ॲक्सियल फ्लो पंप बंद व्हॉल्व्हवर सुरू केला तर उलट जास्तीत जास्त भार घेतो.

बंद व्हॉल्व्हवर एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. हिशेब सोपा आहे: बंद अवस्थेत समजा अडीच किलोवॅट शक्ती केसिंगमधल्या आठ लिटर पाण्यात मुरतेय, तर ते पाणी मिनिटाला चार-पाच अंशांनी तापतं. पंधरा मिनिटं विसरलात तर आत उकळी. तसा तापलेला पंप थांबवून त्यात लगेच गार पाणी ओतलं की सीलचा चेहरा तडकतो. आधी हात लावण्याइतका गार होऊ द्या.

लाइन स्थिर झाली, टॉवरवर पाणी सारखं पडतंय, फ्लो स्विचने प्रवाह असल्याचा सिग्नल दिला, टाकीची पातळी उतरून थांबली, मगच टॉवरचा पंखा आणि त्यानंतर चिलर.

## ९. ग्लँड

पॅकिंगवाल्या पंपाच्या ग्लँडमधून मिनिटाला ४० ते ६० थेंब पडले पाहिजेत. फरशी ओली होते म्हणून नवखा माणूस नट आवळतो. थेंब थांबतात, पॅकिंग जळतं, स्लीव्हवर खाचा पडतात आणि मग कितीही आवळलं तरी गळती थांबत नाही. उचलून घेणाऱ्या पंपात ग्लँडकडची बाजू व्हॅक्यूमखाली असू शकते. तेव्हा पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. म्हणूनच डिलिव्हरीतून एक बारीक नळी लँटर्न रिंगला (पॅकिंगच्या मधल्या भोकं असलेल्या कड्याला) दिलेली असते. पॅकिंग बदलताना ती रिंग नळीच्या भोकासमोर आली नाही तर नळी असून नसल्यासारखी.

## सकाळी भरला, दुपारी सोडला

आता खरी डोकेदुखी. पंप चालतो, तासाभराने दाब डळमळतो, केसिंगमध्ये खडे फिरल्यासारखा आवाज येतो, कधी पाणी पूर्ण सुटतं. दोन कारणं एकसारखी दिसतात: हवा आत येतेय, किंवा सक्शन इतकं ओढलं जातंय की पाण्याची वाफ होतेय. सक्शन गेज दोघांना वेगळं करतो.

एक मीटर उचल म्हणजे सुमारे ७४ मिमी पारा. आपली उचल २.५ मीटर, म्हणजे १८५. फूट व्हॉल्व्ह आणि पाइपचं घर्षण एक मीटर धरलं तर चालू पंपावर काटा २६० च्या आसपास राहायला हवा. ४००–५०० दाखवत असेल तर जाळी तुंबली आहे किंवा सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. १०० च्या खाली येऊन थरथरत असेल तर हवा शिरतेय.

हवेची जागा शोधायला उदबत्ती पेटवा आणि पंप चालू असताना सक्शनच्या एकेका सांध्याजवळ, पंख्याचा वारा न लागेल अशा जागी धरा. शांत वर जाणारा धूर फ्लँजच्या फटीकडे वाकला की चोर सापडला. ज्वलनशील वायू किंवा सॉल्व्हंट असलेल्या भागात, किंवा अमोनियाच्या प्लांट रूममध्ये हे अजिबात नको. तिथे सांध्यावर शेव्हिंग क्रीमचा जाड थर द्या. जिथे क्रीममध्ये खळगा पडून भोक तयार होतं तिथून हवा जातेय. ग्लँडचा संशय असेल तर त्यावर मगभर पाणी ओतत राहा. आवाज बदलला, काटा सावरला, तर ग्लँडच.

दुसरं कारण, म्हणजे वाफेचं, उंचीशी आणि तापमानाशी जोडलेलं आहे. समुद्राकाठी हवेचा दाब पाणी १०.३ मीटर ढकलू शकतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे हा आकडा ९.६ च्या आसपास येतो. त्यातून उचल २.५, घर्षण १ आणि ३२ अंश पाण्याचा बाष्पदाब अर्धा मीटर वजा करा: उरले ५.६ मीटर. पंपाच्या कर्व्हवर लिहिलेला आवश्यक एनपीएसएच (वाफ होऊ नये म्हणून सक्शनला लागणारा किमान दाब) ३ मीटर असेल तर निवांत राहा. तोच पंप ४५ अंशांच्या गरम टाकीवर लावला तर बाष्पदाब एकटाच जवळपास एक मीटर खातो. पाणी नेहमी टॉवरच्या थंड बाजूने उचलायचं, ते यासाठी. गरम टाकीचा पंप लागतच असेल तर तो टाकीपेक्षा खाली बसवा.

## बेसिन उंचावर असेल तर

सक्शन व्हॉल्व्ह हळू उघडा, एअर कॉकमधून अखंड धार येऊ द्या, शाफ्ट फिरवा, कॉक लावा. पाच मिनिटांचं काम. इथे लोक फसतात ते वाय-स्ट्रेनरमुळे: स्ट्रेनर साफ करून झाकण लावलं, व्हॉल्व्ह उघडला आणि थेट सुरू केलं. स्ट्रेनरमधली सगळी हवा पंपाच्या डोळ्यात. स्ट्रेनर उघडला की प्रायमिंग नव्याने करायचं.

## बंद चक्र

लाइन खालून भरा, सावकाश. सर्वांत उंच एएचयूच्या एअर व्हेंटशी माणूस उभा करा. पाणी आलं की पंप दहा मिनिटं चालवा, बंद करा, पुन्हा सगळे व्हेंट उघडा. तीन-चार फेऱ्या लागतात. एक्स्पान्शन टँकची पातळी मध्ये मध्ये उतरते, ती भरत राहा. पाइपात खळखळ ऐकू येतेय तोवर हवा आहे.

## रोज प्रायमिंग करावं लागतंय?

मग ते प्रायमिंग नाही, दुरुस्ती टाळणं आहे. फूट व्हॉल्व्ह बदला. तो खोल अडचणीत असेल तर प्रायमिंग टँकचा विचार करा: पंपाजवळ हवाबंद टाकी, सक्शन पाइपातल्या पाण्याच्या किमान तिप्पट क्षमतेची. आपल्या ४७ लिटरला दीडशे लिटर. पंप आधी टाकीतलं पाणी ओढतो, टाकीत व्हॅक्यूम होतो आणि खालचं पाणी वर येतं. फूट व्हॉल्व्ह लागतच नाही. मात्र टाकीचं झाकण आणि सगळे सांधे हवाबंद नसतील तर जुना रोग नव्या जागी. सेल्फ-प्राइमिंग पंप घेतला तरी त्याच्या केसिंगमध्ये पहिल्यांदा पाणी भरावंच लागतं. नाव वाचून कोरडा सुरू करणारे पुष्कळ आहेत.

टाकीत लो-लेव्हल फ्लोट आणि पॅनलमध्ये अंडरकरंट रिले बसवून घ्या. पंपाने पाणी सोडलं की मोटरचा करंट पडतो, रिले ते ओळखून पंप थांबवतो, आणि रात्रपाळीत कुणी डुलकी घेत असलं तरी सील वाचतं.

लॉगबुकात दर वेळी पाच नोंदी करा: किती बादल्या लागल्या, दहा मिनिटांत नरसाळं किती उतरलं, चालू पंपाचा सक्शन व्हॅक्यूम, डिलिव्हरीचा दाब, तिन्ही फेजचे अँपिअर. महिन्याभरात बादल्यांचा आकडा एकावरून तीनवर गेलेला दिसला की स्टोअरमध्ये १०० मिमीच्या फूट व्हॉल्व्हची मागणी टाका, आणि बदलायचं काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी लावा.